विंडोजहून लिनक्सवर आले, हात मात्र मागेच राहिला

माझं काम घरूनच चालतं. इंग्रजीतून मराठीत भाषांतर आणि मुद्रितशोधन. औषधांची माहितीपत्रकं, शेतीच्या अवजारांच्या पुस्तिका, अधूनमधून कर्जाचे अर्ज. साताऱ्यात बाहेरच्या खोलीत टेबल, २०१६ साली जुळवून घेतलेला कॉम्प्युटर, साडेअठरा इंची स्क्रीन, आणि त्यापुढे रोजचे सात-आठ तास. २०२५च्या दिवाळीत या कॉम्प्युटरवरचं विंडोज १० काढून लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मिंट नावाचा अवतार घातला. लिनक्स कसं बसवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटले. बसवल्यावर पुढचे तीन-चार आठवडे माऊस हातात धरून काय काय होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात ३ ऑक्टोबरच्या एका मेलपासून झाली. ज्या भाषांतर संस्थेचं मी सगळ्यात जास्त काम करते, तिचा वार्षिक माहितीचा अर्ज आला. दरवर्षी येतो: पॅन, बँकेचा तपशील, गोपनीयतेच्या करारावर नव्याने सही. यंदा एक रकाना नवा होता. "आपण वापरत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अद्यतने मिळतात का?" खाली हो किंवा नाही, आणि 'हो' असेल तर आवृत्तीचा स्क्रीनशॉट जोडायचा. मुदत ३१ ऑक्टोबर. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, माझा सहाव्या पिढीचा. म्हणजे तो रस्ता बंद.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात विचारलं तर नव्या मशीनचे अडतीस हजार सांगितले. वर्षभराची मुदतवाढ घ्यायचीही सोय होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण वर्षाने पुन्हा हेच करायचं, तर आत्ताच का नको, असं वाटलं. पुण्याचा भाचा भाऊबीजेला येणार होता. तो म्हणाला, "मावशी, तुझं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये तर असतं. मिंट टाकू. एक पेन ड्राइव्ह आणून ठेव." (लिबरऑफिस म्हणजे वर्डसारखा लिहिण्याचा प्रोग्रॅम.) सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह, तीनशे ऐंशी रुपये.

२४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, त्याने मिंट २२.२ बसवलं. बसवणं अर्ध्या तासात उरकलं, त्याआधी माझ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवायला अख्खी सकाळ गेली. मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कळफलक लागला, प्रिंटर आपोआप सापडला, संस्थेचं पान उघडलं. स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडला आणि दुपारी चारच्या आत पाठवला. भाचा पाचच्या एसटीने परत. मला वाटलं, झालं.

एक गोष्ट मी तेव्हा करायला हवी होती, ती आधीच सांगून टाकते. मिंट बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालू करून पाहता येतं, डिस्कला हात न लावता. भाच्याने ते दाखवलंही. मी काय केलं, तर वॉलपेपर पाहिला, मेनू उघडला आणि "छान आहे" म्हटलं. त्याऐवजी अर्धा तास माझी एखादी खरी फाइल उघडून त्यात वेलांट्या दुरुस्त करत बसले असते, तर निम्म्या अडचणी त्याच दिवशी, तो समोर असताना कळल्या असत्या.

शनिवारी सकाळी कामाला बसले. माऊसचं चाक खाली फिरवलं तर पान उलट दिशेला सरकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मनात म्हटलं, लिनक्सवाल्यांनी सगळं जगावेगळं करायचं ठरवलंय वाटतं. दोन तास तशीच बसले, दर वेळी आधी चूक आणि मग दुरुस्ती. शेवटी फोन केला. पलीकडे थोडी शांतता, मग हसू. भाच्याच्या ऑफिसात मॅक आहे. मॅकवर २०११ पासून सरकवण्याची दिशा मुळातच उलटी येते, म्हणजे बोट जिकडे जाईल तिकडे मजकूर जातो, कागद हाताने ढकलावा तसा. त्याने माझ्या माऊसच्या सेटिंगमध्ये सवयीने 'रिव्हर्स स्क्रोलिंग'वर खूण करून ठेवली होती. "मला ते सरळच वाटतं गं मावशी." लिनक्सचा यात काडीचा दोष नव्हता. दुसऱ्याकडून मशीन लावून घेतलंत तर आधी सिस्टिम सेटिंग्जमधलं 'माऊस अँड टचपॅड' उघडा आणि लावणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी काय काय केलंय ते पाहा.

चाक सरळ झालं, पण पडद्यावरचा माऊसचा बाण काही हातात येईना.

हे शब्दांत सांगणं अवघड आहे. मुद्रितशोधनात माझं निम्मं काम म्हणजे दोन अक्षरांच्या मधे कर्सर ठेवणं. "पाणि" आहे, तिथे दुसरी वेलांटी हवी. डोळ्याला चूक दिसते, हात त्या 'णि'च्या पाठीशी जाऊन थांबतो, क्लिक, खोड, लिही. हे दिवसातून चारशे वेळा होतं आणि मी त्याचा विचारही करत नाही. आता बाण 'णि'च्या पुढे जायचा, पुढच्या शब्दात शिरायचा. परत आणावा तर मागे 'पा'वर. जोडाक्षरं असली की आणखी गंमत, कारण 'क्ष्म'च्या मधे कर्सर बसतच नाही, तो अख्ख्या जोडाक्षराच्या अलीकडे किंवा पलीकडेच जातो. नेम थोडा चुकला की तुम्ही भलतंच अख्खं अक्षर खोडून बसता. रविवारी संध्याकाळी मोजलं. एरवी तासाला नऊ-दहा पानं तपासून होतात, त्या दिवशी साडेपाच.

मला वाटलं माऊसच गेला. तसाही तो जुना होता आणि विंडोजवर त्याला दोन क्लिकांचा रोग लागलेला. एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं व्हायचं आणि कर्सर बसण्याऐवजी अख्खा शब्द निवडला जायचा. २८ तारखेला नाक्यावरून नवा माऊस आणला, पाचशे एकोणपन्नास रुपये, आणि एक पॅड एकशे वीसचं. नव्या माऊसनेही बाण तसाच पुढे पळाला. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडल्यावर परत घेत नाही. बरोबरच आहे त्याचं.

गंमत म्हणजे, जुना माऊस परत लावला तेव्हा लक्षात आलं की त्याचा दोन क्लिकांचा रोग नाहीसा झालाय. भाच्याने कारण शोधून सांगितलं. लिनक्सवर माऊसच्या खुणा वाचणारा जो भाग आहे, लिबइनपुट, तो बटणाच्या झिजलेल्या पट्टीची ही थरथर ओळखतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करतो. नवा माऊस तेव्हापासून खणात पडून आहे. सेटिंग न बघता खरेदीला जाऊ नये, हे मला सहाशे एकोणसत्तर रुपयांना कळलं.

मग बाण पळतो तरी कशामुळे? हे समजून घ्यायला मला आणखी तीन दिवस लागले, पण समजल्यावर अर्धी चिडचिड गेली.

माऊस कॉम्प्युटरला फक्त "मी इतका सरकलो" एवढंच सांगतो. माझ्या माऊसच्या खोक्यावर १००० डीपीआय लिहिलंय, म्हणजे एक इंच सरकला की तो हजार टप्पे मोजून पाठवतो. त्या हजार टप्प्यांसाठी बाण पडद्यावर किती ठिपके न्यायचा, ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक खूण असते, मुळातच लावलेली. नाव अचूकतेचं, काम मात्र वेगाचं. हात हळू सरकवला तर तेवढ्याच अंतरात बाण कमी जातो, झटका दिला तर जास्त जातो. लिनक्सवरही हेच होतं, त्याला अॅडॅप्टिव्ह म्हणतात. पण किती हळूला किती कमी आणि किती झटक्याला किती जास्त, हा हिशोब दोघांचा वेगवेगळा. नऊ वर्षं माझ्या मनगटाने विंडोजचा हिशोब पाठ केलेला. आता समोरचा गणिताचा मास्तर बदलला आणि मी जुनंच उत्तर देत होते.

हे मी घरीच तपासून पाहिलं, तुम्हीही पाहू शकता. टेबलावर पट्टी चिकटवली, दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने दोन खुणा केल्या. माऊस पट्टीला टेकवून पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत अगदी सावकाश नेला, बाण कुठे थांबतो ते पाहिलं. मग तेवढंच अंतर झटक्यात. झटक्यात बाण बराच पुढे गेला. आमच्या ह्यांचा ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, त्यालाही तोच माऊस लावून पाहिलं. तिथेही झटक्यात पुढे, सावकाश मागे, पण दोन्हींतलं अंतर निराळं. दोन पडदे वेगळे असल्याने आकडे जुळवण्यात अर्थ नव्हता. मात्र माझा हात चुकत नाहीये, दुसराच नियम चाललाय, एवढं डोळ्यांना दिसलं आणि बरं वाटलं.

आता माझा मूर्खपणा. उपाय शोधताना सगळीकडे एकच सल्ला दिसला: वेगवाढ पूर्ण बंद करा. मिंटच्या माऊस सेटिंगमध्ये तशी सोय आहे. लिबइनपुटच्या भाषेत तिला फ्लॅट म्हणतात. हात हळू असो की जलद, एका टप्प्याला एक ठिपका. १ नोव्हेंबरला मी ते लावलं. आता दोन सेंटिमीटरला बाण दर वेळी तेवढाच जाऊ लागला, माझ्या १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर अर्ध्याहून थोडा जास्त. पट्टीवर हे फार देखणं दिसतं. पण हा सल्ला देणारे बहुतेक जण गेम खेळणारे असतात, त्यांना एका झटक्यात ठरावीक कोन फिरायचं असतं. मला 'णि'च्या पाठीमागे थांबायचं होतं. फ्लॅटमध्ये सावकाश सरकवण्याचा फायदाच जातो, तिथे बोटाच्या थरथरीलाही पुरा भाव. मग वेग कमी केला, तर पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायला माऊस दोनदा उचलावा लागे. दोन दिवसांत मनगट धरलं. २०१९ मध्ये एकदा धरलं होतं तसंच. रात्री गरम पाण्याचा शेक आणि सकाळी पट्टा.

त्यात भर म्हणजे टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, नाद. एक्सइनपुट नावाची एक आज्ञा आहे, तिने माऊसचे हे सगळे आकडे बारकाईने बदलता येतात. ३ तारखेला रात्री साडेअकरापर्यंत आकडे घालत बसले आणि अखेर एक जमला. सकाळी मशीन चालू केलं तर सगळं पूर्ववत. त्या आज्ञेचा परिणाम मशीन बंद होईपर्यंतच टिकतो, कायम ठेवायचं तर आणखी खटपट. आणि आकडा मी कुठे लिहून ठेवला नव्हता.

४ तारखेला भाच्याला फोन केला. या वेळी त्याने कामाची गोष्ट सांगितली, आणि ती माऊसबद्दल नव्हतीच. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं, की एखाद्या ठिकाणी नेम धरायला लागणारा वेळ त्या ठिकाणच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लांब आणि लहान असेल तर जास्त वेळ, जवळ आणि मोठं असेल तर कमी. "तू बाण सुधारत बसलीयेस मावशी. 'णि' मोठा कर ना." लिबरऑफिसमध्ये मी सवयीने शंभर टक्क्यांवर काम करत होते. एकशे चाळीस केलं. एवढंच. पानाची रुंदी मावली, अक्षर मोठं झालं आणि चुकणारे नेम निम्म्याने कमी झाले. नऊ वर्षं हे का केलं नाही, माहीत नाही.

त्याच दिवशी फ्लॅट काढून अॅडॅप्टिव्ह परत आणलं, वेगाची पट्टी मधल्या खुणेच्या किंचित डावीकडे ठेवली आणि ठरवलं: दोन आठवडे हात लावायचा नाही. रोज थोडं थोडं बदलत राहिलं तर मनगटाला शिकायला काही स्थिरच मिळत नाही. हे पाळणं सगळ्यात कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी बोटं शिवशिवत होती.

याच काळात दूध प्रकरण घडलं.

विंडोजवर मी माऊसचं चाक नुसतं फिरवत नसे, दाबत असे. वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चाक दाबलं की एक छोटं गोल चिन्ह येतं आणि माऊस थोडा खाली ओढला की पान आपोआप संथ सरकत राहतं. लांब मजकूर वाचायला फार छान. लिनक्सवर चाक दाबणं म्हणजे चिकटवणं. आणि काय चिकटवतं? तुम्ही कॉपी केलेलं नव्हे. शेवटचं जे काही नुसतं निवडलं असेल ते. कंट्रोल-सीची वेगळी पाटी, निवडलेल्याची वेगळी. ही जुनी पद्धत आहे, तिच्यावर जीव लावणारे खूप लोक आहेत. मला ती माहीतच नव्हती.

६ नोव्हेंबरला ठिबक सिंचनाच्या संचाची पुस्तिका पूर्ण करून पाठवली. बावीस पानं. १० तारखेला संस्थेचा मेल आला, सोबत ग्राहकाने लाल केलेलं पान. त्यावर होतं: "फिल्टर दर आठवड्याला उघडून स्वच्छ धुवावा येताना अर्धा लिटर दूध आणि कोथिंबीर आणशील का गरज भासल्यास जाळी बदलावी."

व्हॉट्सअॅपवर ह्यांचा निरोप आला होता. सवयीने मी तो वाचता वाचता माऊसने निवडला असणार. मला मजकूर निवडत वाचायची खोड आहे. मग पुस्तिकेवर येऊन चाक दाबलं असणार. शुद्धलेखन तपासणीला यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण शब्द सगळे बरोबर होते.

दूध सोळा रुपयांनी महागात पडलं असतं तर चाललं असतं. इथे 'सुधारणा अहवाल' भरावा लागला. पाच रकाने: चुकीचं स्वरूप, चुकीचं मूळ कारण, तात्काळ केलेली कृती, पुन्हा होऊ नये म्हणून केलेली कृती, पडताळणी कोण करणार. मूळ कारणाच्या रकान्यात "माऊसचे मधले बटण" एवढं लिहून पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी "कृपया सविस्तर लिहावे" म्हणून परत आलं. मग ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याचं, दोन पाट्यांचं, सगळं दहा ओळींत लिहिलं. उपायांचा पुरावा म्हणून सेटिंगचे स्क्रीनशॉट जोडले. सहा दिवस उत्तर नाही. ते सहा दिवस नवीन कामही नाही, आणि मी दर अर्ध्या तासाने मेल उघडून पाहत होते. १७ तारखेला "मान्य, प्रकरण बंद" आलं. मानधन कापलं नाही. त्या बाईंनी मेलच्या शेवटी एक ओळ जोडली होती, कोथिंबीर आणली का म्हणून.

जे स्क्रीनशॉट जोडले ते असे. लिबरऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग लिबरऑफिसखाली व्ह्यू. तिथे मधल्या बटणासाठी पर्याय आहेत: काहीच नको, आपोआप सरकणे, किंवा चिकटवणे. मी 'आपोआप सरकणे' निवडलं आणि जुनं गोल चिन्ह परत आलं. फायरफॉक्समध्ये दोन ठिकाणी जावं लागलं. साध्या सेटिंगमध्ये जनरलच्या तळाशी ऑटोस्क्रोलिंगची खूण आहे. पण तेवढ्याने लिहायच्या चौकटीत चिकटवणं थांबत नाही. त्यासाठी पत्त्याच्या जागी अबाउट-कॉन्फिग उघडून 'मिडलमाऊस डॉट पेस्ट' शोधून ते 'फॉल्स' करायचं. तिथेच 'माऊसव्हील'ने सुरू होणाऱ्या ओळींत चाकाच्या एका खाचेला पान किती सरकावं तेही बदलता येतं. विंडोजमध्ये एका खाचेला किती ओळी हे सगळ्या प्रोग्रॅमना एकदम सांगता येतं. माझ्या मिंटमध्ये तशी सामाईक पट्टी नाही, ज्याचं त्याचं वेगळं.

दुसरी एक सवय सुटायला मात्र डिसेंबर उजाडला. २०१९ला मनगट दुखलं तेव्हा मी विंडोजमध्ये 'स्नॅप टू' लावलं होतं. एखादी चौकट उघडली, "जतन करायचं का?" वगैरे, की बाण स्वतःहून उडी मारून मुख्य बटणावर बसतो. फार थोड्या लोकांना ही सोय ठाऊक असते. सहा वर्षांत माझा हात इतका आळशी झाला होता की चौकट दिसली की मी न बघता क्लिक करायचे. मिंटवर बाण जागचा हलत नव्हता आणि माझी क्लिक हवेत जात होती. शिवाय बटणांचा क्रमही उलटा. विंडोजमध्ये होकार डावीकडे आणि नकार उजवीकडे, इथे बहुतेक चौकटींत होकार अगदी उजव्या टोकाला. म्हणजे जुन्या अंदाजाने हात नेला की नकारच दाबला जाणार. एकदा एक तासाचं काम थोडक्यात वाचलं.

लिबरऑफिसच्या त्याच पानावर बाण मुख्य बटणावर नेण्याचा पर्यायही दिसला. पण एका प्रोग्रॅमपुरती जुनी सवय जिवंत ठेवली की बाकीच्यांत हात आणखी गोंधळणार, म्हणून सोडून दिलं. त्याऐवजी एंटर आणि एस्केप. मुख्य बटणासाठी बाणाची गरजच नाही, एंटर दाबलं की झालं. पहिले काही दिवस माऊसवरून हात उचलून कळफलकावर न्यायचं आठवायचं नाही, म्हणून माऊसवरच डॉक्टरटेपचा तुकडा लावून त्यावर "एं" लिहिलं होतं.

लहानसहान आणखी काही. सरकपट्टीच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं की विंडोजमध्ये एक पान पुढे जायचं. इथे थेट त्या जागी उडी बसायची, तिसऱ्या पानावरून अठराव्यावर. थीम्सच्या सेटिंगमध्ये यासाठी एक खूण आहे, ती काढली. कंट्रोल दाबला की बाणाभोवती वर्तुळ उमटण्याची सोय विंडोजमध्ये वापरत होते, ती इथेही मिळाली. बाणाचा आकारही एक पायरी वाढवला. आणि एक गोष्ट तर विंडोजमध्ये नव्हतीच: ऑल्ट धरून खिडकीत कुठेही पकडून ती ओढता येते, वरची पट्टी शोधायला जावं लागत नाही. पहिल्यांदा चुकून झालं तेव्हा घाबरले होते.

घरात हा कॉम्प्युटर वापरणारं आणखी एक माणूस आहे, माझ्या सासूबाई. दुपारी तासभर पत्ते खेळतात. मिंटवर सॉलिटेअर घालून दिलं, पण फोटोंचं फोल्डर त्यांना उघडेना. "अगं, हे बिघडलंय, दोनदा दाबलं तरी ढिम्म." मी दाबलं की उघडायचं. दोन क्लिकांत किती वेळ चालेल याची विंडोजमधली मुदत अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद असते; माझ्या मिंटमध्ये ४०० होती. माझ्या बोटांना फरक कळला नाही, एकाहत्तर वर्षांच्या बोटांना कळला. माऊसच्या सेटिंगमध्ये ती पट्टी ६५०वर नेली. फोल्डर उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच महिनाभर मुद्दाम कुलूप लावून ठेवलं होतं.

१८ नोव्हेंबरला ठरवलेले दोन आठवडे संपले. पट्टी हलवायची परवानगी होती, पण हलवावीशी वाटली नाही. त्या दिवशी तासाला आठ पानं झाली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊ. आताही तेवढ्यावरच आहे, कधी दहा. नेमका कोणत्या दिवशी बाण हातात आला ते सांगता येणार नाही. एकदा दुपारी लक्षात आलं की सकाळपासून मी त्याच्याकडे पाहिलंच नाहीये.

आणि चाक दाबून चिकटवणं? ब्राउझरमध्ये अजून बंद आहे, कारण ग्राहकांचं काम तिथे असतं. पण लिबरऑफिसमध्ये जानेवारीत मी ते परत चालू केलं. परिभाषेच्या यादीतला शब्द नुसता निवडायचा आणि मजकुरात जाऊन चाक दाबायचं. कंट्रोल-सी नाही, कंट्रोल-व्ही नाही, डाव्या मनगटालाही आराम. पाठवण्याआधी फाइलमध्ये "दूध" शोधून पाहते, उगीच आपलं समाधान.

सगळे आकडे आता एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेत, पुन्हा कधी मशीन नव्याने लावायची वेळ आली तर सापडावेत म्हणून. वेगाची पट्टी कुठे, झूम किती, मधलं बटण कुठे काय करतं. परवा पाहिलं तर खाली पेन्सिलने वेगळ्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "माझे ६५०. कुणी हात लावू नये."